होंडाने मोटार बनवू नये, असं जपान सरकारला वाटत होतं

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा आणि रात्री वाचा.

इलेक्ट्रिक गाड्यांच्या अनुदानाचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येतं. सरकारने चार-पाच तगड्या कंपन्या निवडाव्यात, त्यांनाच जमीन, पैसा, सवलत द्यावी आणि बाकीच्या किरकोळ मंडळींना बाजूला करावं. यावर कुणी शंका काढली की उत्तर तयार असतं, "जपानने असंच केलं म्हणून जपान मोठा झाला."

आमच्या पत्रकारितेच्या डिप्लोमाला एक सर होते. ते म्हणायचे, कुठलीही सरकारी यादी हातात आली की यादीत कोण आहे ते नंतर बघ, कोण नाही ते आधी बघ. जिल्हा परिषदेच्या लाभार्थी याद्या वाचताना ही सवय मला फार उपयोगी पडली. जपानच्या त्या प्रसिद्ध यादीलाही तोच नियम लावून बघू. तिथे मोटार कोणी बनवायची हे सरकार ठरवायला निघालं होतं तेव्हा एक नाव यादीत बसत नव्हतं. ते नाव म्हणजे होंडा. तीच होंडा, जिची अ‍ॅक्टिव्हा आज आपल्या गल्लीत दर चौथ्या दारात उभी दिसते.

सोइचिरो होंडा १९०६ चा. हमामात्सु शहराजवळच्या खेड्यातला. वडील लोहार, पुढे सायकली दुरुस्त करायला लागले. म्हणजे घरात भाता, ऐरण आणि पंक्चरचं सामान. शाळेत काही फारसं जमलं नाही. पंधराव्या वर्षी टोकियोतल्या एका मोटार गॅरेजात उमेदवारीला लागला आणि सुरुवातीचे दिवस मालकाचं मूल सांभाळण्यात गेले. पुढे हमामात्सुत त्याच गॅरेजची शाखा काढली, ती चांगली चालली, तरी ती सोडून पिस्टन रिंग बनवायचा नाद लागला. रिंगा नीट होईनात. कारण शोधत गेला तर कळलं की धातुशास्त्राचा गंधच नाही. मग तिशीतला हा कारखानदार तांत्रिक शाळेत पोरांबरोबर जाऊन बसला. पदवीसाठी नव्हे, रिंग का तुटते ते कळावं म्हणून.

युद्धात बॉम्ब पडले, १९४५ च्या जानेवारीत भूकंपाने कारखाना पाडला. उरलंसुरलं टोयोटाच्या यंत्रमाग कंपनीला विकून टाकलं आणि हा माणूस वर्षभर काहीच न करता बसला. नंतर १९४६ मध्ये लष्कराच्या वायरलेस सेटच्या जनरेटरची छोटी इंजिनं भंगारात पडलेली हाताला लागली. तेव्हा जपानमध्ये पेट्रोल रेशनवर, आगगाड्या माणसांनी ओसंडून वाहत होत्या. त्याने ती इंजिनं सायकलींना बसवली. लोकांनी उचलली. भंगार संपलं तेव्हा स्वतःचं इंजिन बनवलं. १९४८ च्या सप्टेंबरात होंडा मोटर कंपनी नोंदवली गेली, कामगार चौतीस.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हे करणारा तो एकटा नव्हता. युद्धानंतरच्या जपानमध्ये मोटारसायकल बनवणारे दोनशेच्या वर कारखाने उगवले होते, आणि हमामात्सु परिसर तर त्यांचं माहेरघर होतं. कुणी विणकामाच्या यंत्रांवरून या धंद्यात आला, तो सुझुकी. कुणी पियानो-हार्मोनियमवरून, तो यामाहा. या दोनशेंतून कोण टिकणार हे कुठल्याही मंत्रालयाने ठरवलं नाही. आसामा डोंगराच्या पायथ्याला शर्यती व्हायच्या, तिथे यांची इज्जत निघायची किंवा राहायची. १९५५ च्या शर्यतीत नवख्या यामाहाने १२५ सीसीच्या गटात होंडाला मागे टाकलं. त्या काळात बाजारात सगळ्यात पुढे होती टोहात्सू. ती १९६४ साली दिवाळखोरीत गेली. तेव्हा एखाद्या अधिकाऱ्याने १९५५ मध्ये मोटारसायकलीचे 'राष्ट्रीय चॅम्पियन' निवडले असते, तर यादीत पहिलं नाव टोहात्सूचं लिहिलं असतं, आणि त्या दिवशी तेच बरोबर दिसलं असतं.

होंडा टिकला याचं निम्मं श्रेय ताकेओ फुजिसावा या माणसाचं. हे नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. कारखानदाराच्या गोष्टीत हिशेब सांभाळणारा नेहमी मागे पडतो. फुजिसावा १९४९ मध्ये आला. सोइचिरोने यंत्र बघायचं आणि फुजिसावाने पैसा आणि विक्री बघायची, अशी वाटणी. कंपनीचा शिक्कासुद्धा फुजिसावाकडे असायचा. विक्रीसाठी त्याने मोठे एजंट शोधलेच नाहीत. देशातल्या पन्नास हजारांहून जास्त सायकल दुकानांना त्याने पत्रं पाठवली. सायकलला बसवायचं छोटं इंजिन आहे, विकणार का, पैसे मात्र आधी पाठवा. सुमारे तेरा हजार दुकानदार तयार झाले. घाऊक व्यापाऱ्याचा काटा एका फटक्यात निघाला आणि वर आगाऊ रोकड हातात आली. सायकलवाल्याचा पोरगा होंडा आणि त्याचा माल विकणारे पण सायकलवालेच.

१९५२ मध्ये या दोघांनी अमेरिका, जर्मनी, स्वित्झर्लंडहून ४५ कोटी येनची यंत्रं मागवली. कंपनीचं भांडवल तेव्हा त्याच्या पासंगालाही पुरत नव्हतं. १९५४ मध्ये व्हायचं तेच झालं, विक्री बसली, देणी थकली, कंपनी बुडायच्या बेताला आली. आणि त्याच मार्चमध्ये सोइचिरोने जाहीर केलं की आपण ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी शर्यतीत उतरणार. आपल्या भाषेत सांगायचं तर घरात लाइट बिल भरायला पैसे नाहीत आणि बाप म्हणतोय पोराला ऑलिंपिकला पाठवतो. पाच वर्षं लागली. १९५९ मध्ये उतरले, १२५ सीसीत सहावा, सातवा, आठवा नंबर आला. १९६१ मध्ये त्याच बेटावर १२५ आणि २५० अशा दोन्ही गटांत पहिल्या पाचही जागा होंडाने घेतल्या.

दरम्यान १९५८ मध्ये सुपर कब आली. ४९ सीसी, चार स्ट्रोक इंजिन, हाताने दाबायचा क्लच नाही. यामागचा विचार ऐकण्यासारखा आहे. जपानमध्ये सोबा नूडल्सचे डबे पोचवणारी पोरं एका हातावर डबा तोलून सायकल चालवायची. त्या पोराला एका हाताने चालवता आली पाहिजे, ही अट ठेवून गाडी बनवली. आमच्याकडच्या दूधवाल्यांना विचारून कुणी गाडी बनवली असती तर कशी झाली असती, हा विचार माझ्या मनात अधूनमधून येतो. असो. २०१७ पर्यंत या एका गाडीचा आकडा दहा कोटींवर गेला. जगात इतक्या संख्येने दुसरं कुठलंही मोटार-वाहन बनलेलं नाही.

आता मुख्य कथेकडे येऊ.

१९६१ साल. होंडा मोटारसायकलीत जगात पुढे आलेली, आणि सोइचिरोला आता चारचाकी बनवायची होती. त्याच वेळी टोकियोतलं व्यापार आणि उद्योग मंत्रालय, ज्याला जगभर 'मिटी' म्हणून ओळखतात, काळजीत पडलं होतं. जपानला परदेशी मालासाठी बाजार खुला करावा लागणार होता. तसा दबावच होता. जनरल मोटर्स, फोर्ड आल्या की आपल्या छोट्या छोट्या मोटार कंपन्या त्यांच्यापुढे चिरडल्या जातील, अशी भीती. ती भीती खोटी नव्हती, हे मान्य करू. उपाय म्हणून मंत्रालयाने मांडणी केली की मोटार कंपन्यांचे तीन गट करायचे. मोठ्या संख्येने मोटारी बनवणाऱ्यांचा एक, खास प्रकारच्या गाड्यांचा दुसरा आणि छोट्या गाड्यांचा तिसरा. कंपन्यांनी विलीन व्हायचं, आणि नव्याने कुणी या धंद्यात शिरायचं नाही. पुढे याच विचाराचं ठराविक उद्योगांसाठीचं एक विधेयक १९६३ मध्ये जपानी संसदेत आलं.

कागदावर सगळं शहाणपणाचं होतं. एका टेबलाशी बसलेल्या हुशार, प्रामाणिक अधिकाऱ्यांनी देशहितासाठी आखलेलं. मिटीचे अधिकारी भ्रष्ट होते म्हणून हे केलं असं कुणी म्हणत नाही. आपल्याकडे परवाना म्हटलं की लगेच पाकीट डोळ्यांसमोर येतं. पण पाकीट नसतानासुद्धा परवाना काय करू शकतो, ते इथे दिसतं.

सोइचिरो भडकला. मंत्रालयात जाऊन भांडला. त्याचं म्हणणं पुढे त्याने मुलाखतींतही सांगितलं. सारांश असा की मला मोटार बनवायचा हक्क आहे, आधीपासून असलेल्यांनीच बनवायची आणि नव्याने बनवायची नाही हा कुठला न्याय, आणि आमच्या कंपनीने कुणात विलीन व्हावं असं सरकारला वाटत असेल तर सरकारने आमचे शेअर घ्यावेत आणि सभेत येऊन बोलावं.

नुसतं भांडून भागणार नव्हतं. कायदा झाला त्या दिवशी 'आम्ही आधीच मोटार बनवतो' असं म्हणता आलं पाहिजे, म्हणून कारखान्यात घाई सुरू झाली. आपल्याकडे गायरानावर मोजणी येणार कळलं की रातोरात खांब उभे राहतात, तसाच प्रकार, फक्त इथे खांबांऐवजी इंजिनं. १९६२ च्या जूनमध्ये सुझुकाच्या नव्या ट्रॅकवर सोइचिरो स्वतः एस ३६० नावाची छोटी स्पोर्ट्स कार चालवत डीलरांसमोर आला. ती कार कधी विक्रीला आलीच नाही. १९६३ च्या ऑगस्टमध्ये विक्रीला आला टी ३६० नावाचा छोटा ट्रक. होंडाची पहिली चारचाकी म्हणजे भाजी वाहायचा टेम्पो, आणि त्याला इंजिन कसलं, तर चार सिलिंडरचं, शर्यतीच्या गाडीसारखं गरगर फिरणारं! ऑक्टोबरात एस ५०० आली. तिच्या मागच्या चाकांना ताकद पोचायची साखळीने. मोटारसायकलवाल्याने बनवलेली मोटार ती, ओळखू येणारच.

रंगाचंही एक भांडण झालं. लाल रंग आगीच्या बंबांसाठी राखीव, तेव्हा साध्या मोटारीला तो द्यायचा नाही, असा तिथला नियम. होंडाला स्पोर्ट्स कार लालच हवी होती. त्यासाठीही सरकारी कचेऱ्यांत खेटे घातले गेले, सोइचिरोने वर्तमानपत्रात जाहीर टीका केली, आणि शेवटी परवानगी मिळाली. मोटारीच्या रंगासाठी सरकारची परवानगी! आपल्याला हसू येतं, पण आपल्याकडे स्कूटर किती बनवायच्या याचीसुद्धा परवानगी लागायची. त्याकडे येतोच.

विधेयकाचं काय झालं? ते बारगळलं. १९६४ पर्यंत संसदेत लोंबकळलं आणि मतदानाला न येताच संपलं. हे एकट्या होंडामुळे झालं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बँकांना ते नको होतं, मोठ्या उद्योगांच्या संघटनेला त्यात बाबूशाहीचा वास येत होता, राजकीय पक्षांना त्यासाठी लढायची हौस नव्हती. मंत्रालयाने विलीनीकरणाचा हट्ट पुढेही सोडला नाही. १९६६ मध्ये प्रिन्स नावाची चांगली कंपनी निसानमध्ये गेली ती याच धोरणात. पण होंडाला दार बंद व्हायचं राहून गेलं.

आता दुसरी बाजू. नाहीतर तुम्ही म्हणाल, पत्रकार झाला होंडाचा एजंट.

होंडा म्हणजे सरकारशी एकटा लढलेला वीर, ही गोष्ट अर्धीच खरी आहे. परदेशी मोटारींना जपानचा बाजार १९६५ च्या ऑक्टोबरपर्यंत मोकळा नव्हता, आणि त्या आडोशाचा फायदा होंडालाही मिळाला. १९५२ ची ती परदेशी यंत्रं आणायला परकीय चलन लागलं, ते सरकारच्या हातात होतं. आणि छोट्या गाड्यांसाठी सरकारनेच एक वेगळा वर्ग केला होता. ३६० सीसीपर्यंतचं इंजिन आणि ठराविक लांबी-रुंदी असेल तर कर कमी, कटकट कमी. १९६७ मध्ये होंडाने याच वर्गात एन ३६० आणली, ३१ हॉर्सपॉवर, किंमत ३ लाख १३ हजार येन, आणि बाजार गाजवला.

पण हा नियम आणि तो नियम, यातला फरक बघा. छोट्या गाडीच्या नियमात मापं लिहिलेली होती. त्या मापात बसणारी गाडी सुबारूने बनवा, सुझुकीने बनवा नाहीतर काल आलेल्या होंडाने बनवा. तीन गटांच्या योजनेत मात्र माणसं लिहिलेली होती. पहिल्या नियमामुळे कंपन्या एकमेकांच्या उरावर बसल्या आणि गाड्या सुधारल्या. दुसरा नियम झाला असता तर आहे त्यांची बैठक पक्की झाली असती.

हाच फरक पुढे अमेरिकेत आणखी ठळकपणे दिसला. माझ्या मते होंडाच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, सुपर कबपेक्षाही.

१९७० मध्ये अमेरिकेने हवेच्या प्रदूषणाचा कायदा कडक केला. सिनेटर मस्कींच्या नावाने तो ओळखला जातो. पाच वर्षांत मोटारीच्या धुरातले मुख्य विषारी वायू नव्वद टक्क्यांनी कमी करा, असा हुकूम. डेट्रॉइटच्या बड्या कंपन्यांनी हात वर केले. शक्यच नाही, धंदा बसेल, मुदत वाढवा.

त्या वेळी होंडाची मोटार शाखा अडचणीत होती. एन ३६० चालवताना अस्थिर होते म्हणून ग्राहकांच्या एका संघटनेने १९७० मध्ये थेट फौजदारी तक्रार केलेली. खटला उभा राहिला नाही, पण विक्री धाडकन खाली आली. त्याआधी सोइचिरोच्या हट्टाने बनवलेली हवेने थंड होणारी १३०० ही मोटार फसली होती. पाण्याने इंजिन गार करता, मग ते पाणी हवेनेच गार करता ना, मग थेट हवाच का नको, असा त्याचा युक्तिवाद. ऐकायला बिनतोड, गाडीत मात्र जड, महाग आणि तापट. याच हट्टातल्या फॉर्म्युला वनच्या गाडीत १९६८ मध्ये फ्रान्समधल्या रुआँच्या शर्यतीत जो श्लेसर हा चालक जळून मेला. मुख्य चालक जॉन सर्टीसने ती गाडी चालवायला आधीच नकार दिला होता. धुराचे नियम पाळायचे तर पाण्याचं इंजिनच लागेल, हे तरुण इंजिनियरांना कळत होतं, पण म्हाताऱ्याला सांगणार कोण? शेवटी ते फुजिसावाकडे गेले. फुजिसावाने सोइचिरोला एवढंच विचारलं की तुम्ही या कंपनीत अध्यक्ष म्हणून राहणार की इंजिनियर म्हणून. सोइचिरो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, अध्यक्ष. मग पोरांना पाण्याचं इंजिन बनवू द्या. बरं, द्या.

सरकारपुढे न वाकलेला माणूस स्वतःच्या कारखान्यात तोच मिटी होऊन बसला होता, नाही का? काय बनवायचं आणि काय नाही, ते मीच ठरवणार. फरक इतकाच की त्याला विचारणारा एक माणूस शेजारच्या खोलीत होता.

त्यातून निघालं सीव्हीसीसी इंजिन. तांत्रिक भाषा बाजूला ठेवून सांगतो. शेकोटी पेटवताना आपण ओंडक्याला काडी लावत नाही. आधी चिपाडं पेटवतो, मग त्यावर ओंडका धरतो. या इंजिनात मुख्य खोलीला लागून एक छोटी खोली असते. छोट्या खोलीत पेट्रोल जास्त असलेलं मिश्रण, तिथे ठिणगी पडते. त्याची ज्योत मोठ्या खोलीत शिरते, जिथे हवा जास्त आणि पेट्रोल कमी असतं. एरवी असलं पातळ मिश्रण ठिणगीने नीट पेटत नाही, या ज्योतीने पेटतं, सावकाश आणि पूर्ण जळतं. धूर बाहेर आल्यावर तो साफ करायचं यंत्र लावायची गरज उरत नाही.

१९७२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या अ‍ॅन आर्बरच्या प्रयोगशाळेत हे इंजिन १९७५ च्या मर्यादेत बसलं. जगात पहिलं. टोयोटाने त्याचं लायसन्स घेतलं, फोर्डनेही घेतलं. छोट्या इंजिनात जमेल, मोठ्यात काय, असा सूर निघाला तेव्हा होंडाने जनरल मोटर्सचीच एक भलीमोठी व्ही-८ इंपाला जपानला नेली, तिला आपली रचना बसवली आणि परत अमेरिकेत आणून चाचणीत पास करून दाखवली. १९७३ च्या अखेरीस सिव्हिक गाडीत हे इंजिन आलं, तेव्हा नेमकं तेलाचं संकट सुरू झालं होतं.

म्हणजे एका सरकारने 'कोणी बनवायचं' हे ठरवायचा प्रयत्न केला त्यात होंडा संपता संपता वाचली, आणि दुसऱ्या सरकारने 'कशी बनवायची' ही अट घातली त्यात होंडा मोठी झाली. दोन्ही सरकारी हस्तक्षेपच. "सरकारने उद्योगात नाक खुपसू नये" म्हणणाऱ्यांनाही ही गोष्ट पुरत नाही आणि "सरकारने निवड करावी" म्हणणाऱ्यांनाही नाही.

या कामाच्या वेळची एक घटना होंडातली मंडळी सांगतात. सोइचिरो म्हणत होता, डेट्रॉइटच्या बरोबरीला जायची ही संधी आहे. तरुण इंजिनियरांना ते आवडलं नाही. आम्ही कंपनीसाठी नाही, आमच्या पोरांना स्वच्छ हवा मिळावी म्हणून करतोय, असं त्यांचं म्हणणं. सोइचिरोला वाटलं आपण मागे पडलो. १९७३ च्या ऑक्टोबरात तो आणि फुजिसावा एकाच वेळी निवृत्त झाले. खुर्चीवर आला पंचेचाळीस वर्षांचा कियोशी कावाशिमा, ज्याने टीटी शर्यतीचा संघ सांभाळला होता. सोइचिरोने मुलांना कंपनीत घेतलंच नव्हतं.

आता आपल्याकडे या.

जपानी अधिकारी जे करू शकले नाहीत ते आपण दिल्लीत बसून तीसेक वर्षं मनापासून केलं. कोणी बनवायचं, किती बनवायचं, कुठे बनवायचं, सगळं परवान्यात. मंजूर आकड्यापेक्षा जास्त माल बनवणं हा गुन्हा. स्कूटरसाठी दहा-दहा वर्षांची प्रतीक्षा यादी होती आणि बुकिंगचा नंबर हुंड्याच्या बोलणीत यायचा, हे आपल्या आईवडिलांच्या पिढीला वेगळं सांगायला नको. आकुर्डीत चेतक बनायची, साताऱ्यात राज्य सरकारच्या भागीदारीतली महाराष्ट्र स्कूटर्स 'प्रिया' बनवायची, तरी मागणी पुरी होत नव्हती. कारखान्यात हात होते, बाजारात गिऱ्हाईक होतं. कागद नव्हता.

ऐंशीच्या दशकात दार किलकिलं झालं. दुचाकीसाठी परदेशी भागीदारी चालेल, पण इंजिन १०० सीसीपर्यंत. या फटीतून चारही जपानी कंपन्या आत आल्या. टीव्हीएसबरोबर सुझुकी, एस्कॉर्ट्सबरोबर यामाहा, बजाजबरोबर कावासाकी. होंडाने दोन घरं केली. मोटारसायकल हरियाणातल्या धारुहेऱ्यात मुंजालांच्या हिरोबरोबर आणि स्कूटर पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकबरोबर. फिरोदिया तोवर नगरला लूना बनवून गावोगाव पोचले होते. कायनेटिक होंडाचा कारखाना मात्र इंदूरजवळ पिथमपूरला झाला.

कायनेटिक होंडा आठवते? गिअर नाही, बटण दाबलं की चालू. तालुक्याच्या गावात शिक्षिका, नर्स, एलआयसीच्या एजंट बाई स्वतःच्या गाडीवर दिसायला लागल्या त्यात या गाडीचा आणि लूनाचा मोठा वाटा आहे. यावर कुणीतरी नीट लिहायला हवं. पण इंजिन टू-स्ट्रोक. तेल जाळणारं, मायलेज कमी. दुसऱ्या घरातली हिरो होंडा सीडी १०० मात्र चार स्ट्रोकची, १९८५ ची. पेट्रोल भरा आणि विसरून जा, अशी तिची जाहिरातच होती.

इथेही निकाल कुणी लावला बघा. १९९१, १९९६ आणि २००० असे टप्प्याटप्प्याने धुराचे नियम आले आणि दर वेळी कडक झाले. नियमात कुठल्याच कंपनीचं नाव नव्हतं. पण टू-स्ट्रोकला त्यात जगणं अवघड होत गेलं. इकडे १९९१ नंतर परवाने गेले, पेट्रोल महागलं, आणि नव्वदचं दशक संपता संपता स्कूटरचा देश मोटारसायकलचा देश झाला. स्प्लेंडर गावात आली ती अजून गेलेली नाही. वर्षानुवर्षं रांगा लावून घेणाऱ्या बजाजने २००९ मध्ये स्कूटर बंद करत असल्याचं जाहीर केलं.

मारुतीचं काय, असं कुणीतरी विचारणारच. सरकारने सुझुकीला निवडलं, १९८३ मध्ये गाडी आली, सोनं झालं. बरोबर आहे. पण मारुतीला जे दिलं, म्हणजे मोठ्या संख्येने बनवायची मुभा, सुटे भाग आणायची सवलत, ते बाकीच्यांना का नव्हतं? मोटारीवरचा परवाना १९९३ मध्ये उठला. तोवरची दहा वर्षं मारुती पळत होती आणि इतरांच्या पायात बेडी होती. अशा शर्यतीवरून पळणाऱ्याची निवड बरोबर होती असं ठरवता येत नाही.

होंडा इथेही संत नव्हती. भागीदारांशी तिचं दोन्हीकडे फाटलं. १९९८ मध्ये कायनेटिकपासून वेगळी झाली, १९९९ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि २००१ मध्ये अ‍ॅक्टिव्हा आणली. चार स्ट्रोकची. कायनेटिकला जे मिळालं नव्हतं नेमकं तेच. कायनेटिकचा दुचाकीचा धंदा २००८ मध्ये महिंद्रांकडे गेला. २०१० च्या डिसेंबरात हिरोशीही काडीमोड. सव्वीस वर्षांच्या संसारानंतर इंजिनाचं तंत्र कुणाचं, हा प्रश्न हिरोपुढे उभा राहिला, आणि मग जयपूरजवळ स्वतःचं मोठं संशोधन केंद्र काढावं लागलं. पिस्टन रिंग का तुटते ते शिकायला होंडा तिशीत शाळेत गेला होता. आपण शाळेत गेलो ते घटस्फोटानंतर. आणि २५ जुलै २००५ ला गुडगावात होंडाच्या कारखान्यातल्या कामगारांवर पोलिसांनी केलेला लाठीमार ज्यांनी टीव्हीवर पाहिला, त्यांच्यापुढे 'कामगारांना कुटुंबासारखं वागवणारी जपानी कंपनी' वगैरे बोलायची सोय नाही. त्यांची मागणी संघटना करू द्या, एवढ्यापासून सुरू झाली होती.

शेवटचं एक. २०२४ च्या डिसेंबरात होंडा आणि निसान यांनी एकत्र येण्याची बोलणी जाहीर केली. चिनी इलेक्ट्रिक गाड्यांपुढे एकेकट्याचा निभाव लागेना म्हणून. साठ वर्षांपूर्वी मंत्रालयाने अमेरिकेची भीती दाखवून जे सुचवलं, ते आता कंपन्या चीनच्या भीतीने आपणहून करायला निघाल्या होत्या. १३ फेब्रुवारी २०२५ ला बोलणी मोडली. मोडली तीही दोघांनी आपापला हिशेब करून.

तर अनुदानाच्या नव्या यादीवर बोलताना मला इतकंच विचारायचं आहे, की त्यात बॅटरी किती टिकली पाहिजे, आग लागू नये म्हणून काय चाचणी, किती किलोमीटर चालली पाहिजे, अशी मापं लिहिली आहेत की कंपन्यांची नावं? मापं असतील तर कोल्हापुरातला किंवा चिखलीतला एखादा वर्कशॉपवालाही उद्या त्यात बसू शकतो. नावं असतील तर आपण टोहात्सू निवडतोय की काय, हे आपल्याला दहा वर्षांनीच कळेल.

कमेंटमध्ये एक काम करा. तुमच्या घरात जुन्या ट्रंकेत स्कूटरच्या बुकिंगची पावती असेल तर फोटो टाका. बुकिंगची तारीख आणि गाडी दारात आल्याची तारीख, दोन्ही लिहा. पत्ता, फोन नंबर झाकायला विसरू नका.